टेबलावर थळ, समोर खांदेरी

नागपुरात समुद्र बनवता येतो! सहा फूट लांब आणि चार फूट रुंद समुद्र. एका काठाला अलिबागजवळच्या थळची पुळण, पुळणीवर ओढून ठेवलेल्या होड्या, माडांच्या सावलीत झापांनी शाकारलेली घरं, बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांड्या, आणि पार दुसऱ्या टोकाला दोन टेकड्यांचं खांदेरी बेट. हे सगळं सध्या महाल भागातल्या आमच्या घराच्या माडीवर आहे. इतकी वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला, भिंतीवर नकाशे टांगले, फळ्यावर खडूनं किनारे काढले, आणि आता हाताला शाडू लागल्यावर किनारा ही काय वस्तू आहे ते पेरापेरात शिरतं आहे. कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहिते आहे.

निमित्त झालं भाच्याचं. तो पुण्याला शिकतो. सुट्टीत आला तो एक डबा घेऊन. डब्यात कापूस आणि कापसात शिपाई, पायापासून डोळ्यांपर्यंत जेमतेम पंधरा मिलिमीटर उंचीचे. पण प्रत्येकाच्या पागोट्याला वेगळा रंग, कमरेला शेला, एकाच्या हातात चक्क पेटती वात! मी भिंग घेऊन बसले ती जेवायची वेळ टळेपर्यंत. म्हटलं, हे शोकेसमध्ये ठेवायचे का? तो म्हणाला, "मावशी, हे खेळायचे आहेत."

या खेळाला वॉरगेमिंग म्हणतात. टेबलावर भूभाग मांडायचा: डोंगर, नदी, गाव, रस्ता. दोन्ही बाजूंचं सैन्य ठेवायचं. कोण एका फेरीत किती इंच चालेल, कुठून काय दिसेल, तोफ कुठवर पोचेल याचे नियम असतात. अंतर मोजायला टेप आणि नशिबासाठी फासे. बुद्धिबळात घोड्याची चाल चौसष्ट घरांत कुठेही तीच असते. इथे घोडा चिखलात रुततो, उतारावरून वेगात येतो, गावाच्या गल्लीत अडकतो. जमीन स्वतः खेळते! मला इथेच काहीतरी लख्ख दिसलं. सगळा भूगोल या एका वाक्यात आहे आणि तो कोणी क्रमिक पुस्तकात लिहीत नाही.

मग काय, मी वाचत सुटले. प्रशियातल्या राइसविट्झ नावाच्या गृहस्थानं १८१२ साली राजासाठी एक मोठं टेबल करून घेतलं होतं. त्याच्या खणांत भूभागाचे सुटे तुकडे, हवे तसे जोडून हवा तो प्रदेश उभा करायचा. त्याच्या मुलानं १८२४ मध्ये नियम सुधारले, खेळ नकाशावर नेला आणि मधे एक पंच बसवला. शत्रूचं काय दिसतं आणि काय दिसत नाही हे पंच ठरवणार. प्रशियाचे अधिकारी यावर लढाईचा सराव करायचे. पुढे एच. जी. वेल्स यांनी, हो, टाइम मशीन लिहिणाऱ्या त्याच वेल्स यांनी, १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहून खेळण्यातले शिपाई आणि स्प्रिंगची तोफ घेऊन घरच्या जमिनीवर खेळायचे नियम दिले. वेल्स तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढे होते. मला फार बरं वाटलं ते वाचून.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर दर दिवाळीला अंगणात डोंगर उभा राहतो! माती कालवायची, पोत्यावर थापायची, मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ आणायची, बुरूज, पायऱ्या, वर सिंहासनावर महाराज आणि खाली ओळीनं मावळे. जगातल्या किती मुलांना आपल्या इतिहासाचा डोंगर दरवर्षी हातानं रचायला मिळतो? फरक एवढाच की आपण मावळे मांडतो आणि मग ते तसेच उभे राहतात. त्यांना चालवायचं राहून गेलं. आणखी एक गोष्ट आता टोचते: बालेकिल्ला आधी होतो आणि पायथ्याचं गाव उरलेल्या जागेत, दोन घरं आणि एक विहीर.

आता लढाई कोणती निवडायची? भाच्याचा आग्रह सीताबर्डीचा. बरोबरच आहे, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ची भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर झाली. दोन टेकड्या आजही तिथेच आहेत. कधीतरी ती करूच. पण मला समुद्र हवा होता. आणि समुद्र म्हटल्याबरोबर माझ्या तोंडून निघालं: खांदेरी.

१६७९चा पावसाळा सरत आला होता. मुंबई इंग्रजांकडे, जंजिरा सिद्दीकडे, आणि या दोघांच्या मधे, मुंबई बंदराच्या तोंडाजवळ, खांदेरी हे ओसाड बेट. शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला. मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला. इंग्रजांनी आधी निरोप पाठवले, मग गलबतं. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट थॉर्पनं बेटावर उतरायचा प्रयत्न केला आणि तो तिथेच मारला गेला. मग आलं 'रिव्हेंज' नावाचं मोठं लढाऊ जहाज, कॅप्टन मिंचिन आणि कॅप्टन केग्विन यांना घेऊन. (हाच केग्विन चार वर्षांनी आपल्याच ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध बंड करून मुंबई ताब्यात घेतो. काय माणूस!) १८ ऑक्टोबरला सकाळी मराठ्यांच्या दौलतखानाचं आरमार चौलच्या बाजूनं आलं आणि आठ इंग्रजी जहाजांवर तुटून पडलं. 'डव्ह' नावाचं गुराब जातीचं जहाज मराठ्यांनी पकडलं, बाकीची बहुतेक पांगली. एकटं रिव्हेंज टिकून राहिलं, त्यानं काही मराठी होड्या बुडवल्या आणि आरमाराला मागे रेटलं. ते उथळ पाण्यात शिरलं आणि रिव्हेंजला तिथे जाता आलं नाही.

मग ही लढाई कोण जिंकलं? त्या एका सकाळपुरतं पाहिलं तर दोन्ही बाजूंची पुस्तकं आपापलं सांगतात. पण खांदेरी मराठ्यांकडेच राहिलं. तहानं, भुकेनं किंवा दारूगोळ्याअभावी पडलं नाही, बांधकामही थांबलं नाही. इंग्रजी जहाजं बेटाभोवती नांगर टाकून बसलेली असताना! हे कसं झालं, हा प्रश्न मी आजवर कधी नीट विचारलाच नव्हता. उत्तर टेबलावर मिळालं, आणि ते मिळत गेलं तसतसा माझा श्वास वर राहिला तो अजून खाली आलेला नाही.

आधी बांधकाम सांगते, कारण त्यातच सगळा आनंद आहे.

नागपूरसारखं गाव या कामाला दुसरं नाही! लोकांना वाटेल की यासाठी परदेशातून महागडं सामान मागवावं लागत असेल. अजिबात नाही. दसरा उलटला की अख्खं नागपूर कूलर धुऊन गच्चीवर टाकतं आणि ताट्यांतलं जुनं लाकडी गवत कचऱ्यात जातं. ते गवत, ते बारीक कुरळं पिवळट लाकूड, कोमट चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलं, कातरून थरावर थर चिकटवलं की झापांचं छप्पर तयार! खसाच्या ताटीतला वाळा तर अजून बारीक. त्यातून मी जाळी, दोर आणि वाळत टाकलेलं माशाचं जाळं केलं, आणि आता सगळ्या थळ गावाला वाळ्याचा वास आहे. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी करणाऱ्या सुताराकडे सागाच्या ढलप्या पोतंभर पडलेल्या असतात. त्यातून होड्या निघाल्या. चितारओळीतून शाडू आणली, गेरू आणला, पिवळी माती आणली. तिथल्या एका कारागीर दादांनी मी काय करते आहे ते नीट ऐकून घेतलं आणि न मागता सांगितलं की खडक करायचा असेल तर शाडूत कागदाचा लगदा घाला, तडा जात नाही. कन्हानची वाळू घरात बांधकामाची उरलेली होतीच. ती आधी पिठाच्या चाळणीतून आणि मग साडीच्या पदरातून चाळली.

शेजारच्या वहिनी जिना चढून आल्या, कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "काय करून राहिल्या जी मॅडम?" म्हटलं, "समुद्र." त्या बसल्याच! आता माडाच्या झावळ्या त्या कातरतात. तारेवर कागदी टेप गुंडाळून खोड, आणि हिरव्या कागदाची पानं शिरेपासून दोन्हीकडे बारीक चिरायची. वहिनींची कात्री अशी चालते की पान वाऱ्यानं हलेल असं वाटतं. एका माडाला नऊ-दहा झावळ्या पुरतात, जास्त घातल्या की झाड खोटं दिसतं.

आणि काय घालायचं यापेक्षा काय नाही घालायचं, हा विचार तर मला वेडच लावून गेला. मंगलोरी कौलं नाहीत. तो कारखानदारीचा माल, १८६०च्या दशकापासूनचा. किनाऱ्यावर सुरूची झाडं नाहीत. अलिबागच्या कोणत्याही फोटोत ती असतात, पण आपल्या किनाऱ्यांवर सुरू लावला गेला तो एकोणिसाव्या शतकात. खांदेरीवरचं दीपगृह नाही, ते १८६७चं. तटसुद्धा पुरा नाही! आपण किल्ला म्हणून जे डोळ्यांपुढे आणतो ते त्या सप्टेंबरात नव्हतंच. होते ते रचलेले दगड, चुन्याचे ढीग, ताडपत्रीऐवजी झापांच्या आडोशाला बसलेली माणसं आणि चार तोफा. मी बेटावर अर्धवट भिंत बांधली तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला. इतक्या उघड्यावर ती माणसं बसली होती.

यासाठी मी थळला जाऊन आले. विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबई, गेटवेहून मांडव्याची लाँच, पुढे रिक्षा. पुळणीवर उभं राहिलं की जवळ उंदेरी, आणि त्याच्या पलीकडे, समुद्रात आणखी आत, साधारण पाच किलोमीटरवर, खांदेरी. दोन टेकड्या आणि मधली खोलगट जागा, तिथेच होड्या लागतात. बेटावरच्या वेताळावर इथल्या कोळ्यांची आजही श्रद्धा आहे. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात खांदेरी आहे. पण थळच्या किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या त्या मावशींना मी त्याबद्दल विचारलं नाही. मी विचारलं, भरती किती वाजता? त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. तिथी विचारली आणि उत्तर दिलं.

त्यामागचा हिशेब त्यांनी सांगितला तो ऐकून मी तिथेच वाळूत बसले. तिथीला तीननं गुणा, चारनं भागा. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या जरा आधी. बस्स! थोडाफार फरक पडतो, पण होडी लोटायला पुरतो. मी भरती-ओहोटीवर मुलांना चंद्र, सूर्य आणि पृथ्वीची आकृती काढायला लावत होते, आणि इथे पंचांगातली तिथी थेट पाण्याची उंची सांगत होती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. मुंबईच्या या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, म्हणजे दीड मजला! किनाऱ्याची रेघ दिवसातून चार वेळा जागा बदलते. नकाशावर मात्र ती एकच रेघ असते, काळी आणि ठाम.

परत आल्यावर मी टेबलावरची किनाऱ्याची रेघ पुसून टाकली आणि तिथे तीन पट्टे केले. पहिला कोरड्या वाळूचा. दुसरा ओला, भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल. यात खडपं, म्हणजे पाण्याखालचे काळे खडक, मधूनच डोकं काढणारे. तिसरा उथळ पाण्याचा. आणि मग खोल समुद्र. रंगही निळा नाही हो! कोकणचं काठाजवळचं पाणी मातकट असतं, पुढे शेवाळी, आणि निळं दिसतं ते पार लांबवर आभाळाचं. हल्ली नागपुरात घरोघरी रेझिनचे ट्रे आणि घड्याळं करतात, त्यामुळे इपॉक्सी रेझिन गल्लीच्या दुकानात मिळतं. पातळ पातळ थर ओतायचे, प्रत्येक थरात रंगाचा थेंब कमी-जास्त. हे काम थंडीतच करावं. आमच्या उन्हाळ्यात रेझिन इतक्या घाईनं तापतं आणि आळतं की लाटेला वळण द्यायला उसंत मिळत नाही. वरच्या थरावर फेविकॉलमध्ये भिजवलेला टिश्यू पेपर चुरगाळून पसरला की बारीक लाटा उठतात, आणि खडपांच्या कडेला कोरड्या कुंचल्यानं पांढरा रंग नुसता टेकवला की पाणी फुटतं. पहिल्यांदा पाणी फुटलं तेव्हा मी आणि वहिनी एकमेकींकडे बघून टाळ्या वाजवल्या.

मापाबद्दल सांगायलाच हवं, कारण ही या खेळातली सगळ्यात हुशार गोष्ट आहे. पंधरा मिलिमीटरच्या माणसाच्या मापानं थळ ते खांदेरी अंतर मांडायचं तर पन्नासेक मीटर लांब टेबल लागेल. मग जमिनीचं माप वेगळं धरतात आणि माणसांचं वेगळं. माझ्या समुद्रात एक सेंटिमीटर म्हणजे साधारण तीस मीटर. गावातली घरं मात्र माणसांच्या मापाची, म्हणून सात-आठ घरांनी अख्खं थळ व्हायचं आणि एका होडीनं चार होड्यांचं काम करायचं. चौलकडच्या खाडीचं तोंडही मी वर ओढून टेबलाच्या दक्षिण कोपऱ्यात आणलं आहे. डोळा हे सगळं बिनतक्रार मान्य करतो! पहिल्या मिनिटाला विचित्र वाटतं, पाचव्या मिनिटाला आपण त्या पुळणीवर उभे असतो.

आणि मग खेळायला बसलो.

भाचा इंग्रजांचा, मी मराठ्यांची, वहिनी पंच. नियम आम्ही बसवले. बेटावर रोज पाणी, धान्य, चुना, दारूगोळा पोचला पाहिजे; नाही पोचला तर मायनाकची माणसं कमी होत जातात आणि भिंत थांबते. इंग्रजांनी ते तोडायचं. सोपं वाटतं ना? त्याच्याकडे रिव्हेंज, दोन गुराबं, तीन शिबाडं, दोन मचवे. माझ्याकडे वल्ह्यांच्या होड्या, एकेकीला एखादी फुसकी तोफ. त्यानं पहिल्या फेरीतच बेटाला घेरलं आणि हात चोळत बसला.

रात्रीची फेरी आली. रात्री मी चिठ्ठीवर लिहून पंचाला द्यायचं की कुठून किती होड्या सोडल्या. भाच्याला त्या दिसत नाहीत. त्याच्या जहाजाच्या अगदी जवळून गेली तरच वहिनी फासा टाकणार. मी गावाच्या उत्तर टोकाहून दोन सोडल्या, वलांड्यांच्या मागून एक, आणि खडपांच्या फटीतून आणखी एक. तीन पोचल्या! पुढच्या रात्री तो जहाजं किनाऱ्याकडे आणायला निघाला तर उथळ पट्ट्यात रिव्हेंजला यायलाच परवानगी नाही. लहान मचवे पाठवले तर ते एकटे पडतात आणि गावातून माझ्या होड्या त्यांच्यावर येतात. तो बेटाकडे तोंड करून बसला की पाठीमागे गाव, गावाकडे तोंड केलं की बेट मोकळं. भाचा डोकं धरून म्हणाला, "मावशी, किल्ला पकडून काही उपयोग नाही. मला ते गाव बुडवावं लागेल."

आणि मला दिसलं! खांदेरी तगवलं ते थळनं! जी लढाई आपण तट, तोफा आणि दर्यासारंगांच्या नावांनी आठवतो ती या वलांड्यांच्या मागे, झापांच्या आडोशाला, रात्री कोणीतरी पुळणीवरून ढकललेल्या होड्यांनी जिंकली. मुंबईच्या इंग्रजांची कागदपत्रं हेच कुरकुरत सांगतात: मराठ्यांच्या लहान होड्या रात्री निसटून बेटावर पोचतात आणि त्यांना गाठता येत नाही. हे मी आधी वाचलं होतं. पण एकेक छप्पर हातानं शाकारल्यावर, त्या छपराखाली कोण राहत असेल याचा विचार केल्यावर, ते वाक्य माणसांनी भरून गेलं. कोणी वल्ही मारली? मायनाक भंडारी आणि दौलतखान ही नावं उरली. वल्ह्यांवरच्या माणसांची नाहीत. टेबलावर मी प्रत्येक होडीत सहा माणसं चिकटवली आहेत आणि प्रत्येकाचं मुंडासं वेगळ्या रंगाचं केलं आहे.

पण सगळ्यात मोठी गंमत पुढे आहे. १८ ऑक्टोबरची सकाळ मांडायची होती, म्हणून पाण्याची पातळी ठरवावी लागणार. तिथी काय? इंग्रज तेव्हा जुनी दिनदर्शिका वापरत, ती आजच्या दिनदर्शिकेच्या दहा दिवस मागे होती. म्हणजे आजच्या हिशेबानं २८ ऑक्टोबर. भाच्यानं संगणकावर आकाश मागे फिरवलं, थेट १६७९पर्यंत. चंद्र अर्धा, उतरता. अमावास्या आठवड्यावर. आश्विन वद्य अष्टमीच्या आसपासचा दिवस! म्हणजे दिवाळी तोंडावर आलेली! आणि अष्टमी म्हणजे थळच्या मावशींच्या हिशेबानं आठ त्रिक चोवीस, भागिले चार: सकाळी सहाला भरती!

मी अक्षरशः उठून उभी राहिले. सकाळी सहाला खाडीच्या तोंडात पाणी भरलेलं. भांगाचं असेना का, वल्ह्यांच्या होड्यांना पाणी लागतं तरी किती. आणि ऑक्टोबर. पाऊस संपलेला, म्हणजे रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे, हलके. दुपारी समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे, जोरदार. हे मी किती वर्गांना शिकवलं! बाणाच्या आकृत्या काढून, पाच गुणांच्या प्रश्नासाठी. आता ते बाण टेबलावर ठेवा. पहाटेच्या हलक्या वाऱ्यात मोठं शिडाचं जहाज जागच्या जागी झुलतं, नांगर उचलून वळेपर्यंत वल्ह्यांच्या होड्या येऊन भिडतात. दिवस चढला की वारा फिरतो, आणि तो मराठ्यांना घरी ढकलतो! इंग्रजांनी पाठलाग करायचा तर तोच वारा त्यांच्या जड जहाजांना उतरत्या पाण्यातल्या खडपांवर नेणार, कारण दुपारी बाराला ओहोटी. येताना भरती, जाताना पाठीवर वारा, आणि पाठलाग करणाऱ्याच्या पुढ्यात चिखल. दौलतखानानं ती वेळ याच हिशेबानं निवडली असं कुठल्या कागदात लिहिलेलं मी वाचलेलं नाही. हा टेबलाचा आणि पंचांगाचा हिशेब आहे. पण दर्यावर जन्म काढलेल्या माणसाला तिथी ठाऊक नसेल, हे मी मानायला तयार नाही.

आम्ही तीच सकाळ पुन्हा पुन्हा खेळलो. पहाटे सोडलं तर डव्ह बहुतेक वेळा हाती लागतं. दुपारी सोडलं की रिव्हेंज वाऱ्यावर स्वार होतं आणि माझं निम्मं आरमार पाण्यात जातं. एकदा भाच्यानं भरतीचा पट्टा उलटा धरून पाहूया म्हटलं. सकाळी सहाला ओहोटी. माझी गलबतं खाडीच्या तोंडाशी चिखलात बसली आणि लढाई झालीच नाही.

शाळेतल्या मुलांना एका शनिवारी माडीवर बोलावलं. जिन्यात चपलांचा ढीग! कोणी नियम समजावेपर्यंत थांबलंच नाही. सातवीतली एक मुलगी गावाशी डोळे लावून, हनुवटी टेबलाला टेकवून बराच वेळ बघत होती. मग तिनं विचारलं, "मॅडम, रात्री गावात दिवे लावायचे की नाही? दिवा दिसला तर इंग्रजांना कळेल ना कोणत्या घरातले लोक जागे आहेत?" मला उत्तर देता आलं नाही. आता आमच्या नियमांत दिव्याचा नियम आहे: दिवा लावला तर होड्या लवकर भरून होतात, पण पंच एक फासा जास्त टाकतो. नियम तिनंच लिहिला.

आता पुढचं. इंग्रज कंटाळले, पण जंजिऱ्याचा सिद्दी कासम आला, मोठ्या तोफा घेऊन. आणि जानेवारी १६८०मध्ये त्यानं शेजारचं उंदेरी धरून तटबंदी सुरू केली. थळपासून इतकं जवळ! म्हणजे ज्या रात्रीच्या वाटांनी माझ्या होड्या जातात त्या वाटांवरच आता तोफा. सगळा खेळ बदलतो. उंदेरीचा खडक शाडूत आणि कागदाच्या लगद्यात उभा राहिला आहे, वाळतो आहे. पुढच्या गार आठवड्यात त्याच्याभोवती रेझिन ओतायचं. त्यानंतर गावाची मागची बाजू करायची आहे: भातखाचरं, मिठागरं, खाजणातले तिवर, कारण होड्यांत भरायचं धान्य येतं कुठून हे अजून टेबलावर नाही. तिवरांच्या मुळ्यांसाठी वाळा राखून ठेवला आहे. वहिनींनी आता पंचगिरी सोडून सिद्दीची बाजू मागितली आहे आणि त्या दोन दिवस तोफांच्या पल्ल्याबद्दल मला काही विचारत नाहीत, स्वतःच टेप घेऊन मोजतात. त्यामुळे पंचाची जागा रिकामी आहे. सातवीतल्या त्या मुलीच्या आईला मी उद्याच विचारणार आहे, शनिवारी तिला पाठवाल का म्हणून.